बाहेरून आणलेलं कुलूप

२ सप्टेंबर, सोमवार

आज सूनबाईंनी कुलूप विकत आणलं. बाहेरून! खाली माझं स्वतःचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान, भिंतभर कुलपं टांगलेली, आणि ही बाई चष्म्याच्या दुकानातलं काम संपवून येताना पिशवीत एक पत्र्याची पेटी आणि तिला लावायला पिवळंधमक कुलूप घेऊन आली. जिन्यातच गाठलं मी तिला. म्हटलं, "मला सांगायचं होतंस, मी दिलं असतं."

"वाटेत दिसलं आई, घेऊन टाकलं."

वाटेत दिसलं म्हणे! वाटेत भाजी दिसते. कुलूप माणूस ठरवून घेतो, आणि कुणापासून तरी काहीतरी लपवायचं असतं म्हणून घेतो. घरात माणसं तीन. ती स्वतः, माझे चिरंजीव आणि मी. पेटी त्या दोघांच्या कपाटावर गेली आणि किल्ली सूनबाईंच्या गळ्यातल्या साखळीत. मग कुलूप कुणासाठी, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

चिरंजीवांना गर्दचं व्यसन आहे. लिहायला काय लाज, ही डायरी वाचणार कोण? कुलूप कंपनीने फुकट दिलेली, तशीच पडून होती. बोलायला कुणी नाही म्हणून लिहायला घेतली. शेजारच्या सलूनवाल्याजवळ मन मोकळं करावं तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, दुपारपर्यंत अख्ख्या रस्त्याला कळेल. चिरंजीव म्हणतात, आता सोडलंय. हे "सोडलंय" मी इतक्यांदा ऐकलंय की आता तो शब्द कानावर पडला की मी आधी गल्ल्याकडे बघते. हे गेल्यावर ह्यांची कानशींची पेटी तेवढी उरली होती, तीही ह्या मुलाने विकली. लाकडी मुठीच्या, हाताला सवयीच्या झालेल्या कानशी. तेव्हापासून मी किल्ल्या विकतच्या कानशीने घासते आणि प्रत्येक किल्लीला त्याची आठवण काढते. चांगली नव्हे.

४ सप्टेंबर, बुधवार

दुकानाच्या खणाला दोरा लावून ठेवला होता. ही ह्यांची जुनी युक्ती. दोऱ्याची दोन्ही टोकं साबणाच्या ठिपक्याने चिकटवायची, एक खणाला, एक चौकटीला. खण उघडला की दोरा सुटतो, आणि उघडणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

आज पाहिलं तर दोरा जागच्या जागी. चिरंजीव दिवसभर दुकानात एकटे होते, मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. म्हणजे एकतर त्याने काही घेतलं नाही, किंवा दोरा पाहून पुन्हा नीट लावला. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून तोही हे शिकलाय. मला दुसरंच खरं वाटतं.

काम मात्र चोख केलं होतं. एका बाईंच्या दाराचं जुनं कुलूप अडकत होतं, ते खोलून, धुऊन, तेल देऊन पुन्हा बसवलं. हात कापत नाहीत हल्ली त्याचे. जेवतोही पोटभर. गाल भरलेत. सलूनवाला म्हणतो, ते लोक असेच सुजतात.

५ सप्टेंबर, गुरुवार

पाणी कुठे मुरतंय ते आज कळलं.

रोज सकाळी दोघं "फिरायला" जातात. ज्या मुलाला शाळेसाठी उठवताना माझा घसा बसायचा, तो आता स्वतः उठून फिरायला जातो! सलूनवाला काल म्हणाला, "काकू, सांगू नये पण सांगतो. तुमचा मुलगा पुलाखालच्या गल्लीत दिसला. तिथे सगळे गर्दुल्लेच जमतात. आणि वहिनी बरोबर होत्या हो!"

आज मी मागोमाग गेले. गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो उभा होता, त्याच्या आडोशाला थांबले. बॅटऱ्यांच्या दुकानाशेजारी एक बुटकी इमारत, तिला खिडकी, खिडकीसमोर रांग. काय एकेक चेहरे! कुणी गाल बसलेला, कुणी पाय ओढणारा, एक तर चांगला इस्त्रीचा शर्ट घातलेला, ऑफिसला निघालेला. आणि त्या रांगेत माझा मुलगा. दाराला पाटी होती, पण वाचायला जवळ जावं लागलं असतं.

त्याची पाळी आली. खिडकीतल्या बाईने काहीतरी दिलं, ते त्याने जिभेखाली ठेवलं आणि बाजूच्या बाकावर जाऊन बसला. गप्प, शहाण्या मुलासारखा. थोड्या वेळाने ती बाई बाहेर आली आणि त्याला तोंड उघडायला लावून, जीभ वर करायला लावून आत पाहिलं. पांढरा कोट घातला होता तिने. आजकाल सोंगं करायला काय लागतं? आणि हे सगळं भर सकाळी, उघड्यावर, पोलिसांची भीती नाही. सूनबाई शेजारी उभ्या राहून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

हात फिरवत होती! नवऱ्याला विष घेताना बघून! मी ह्या मुलीला भोळी समजत होते. तिला वाटत असेल, घरात मिळालं तर निदान बाहेर चोऱ्या करणार नाही. असा हिशेब करणाऱ्या बायका असतात, मी ऐकलंय.

मागच्या वेळी मी माझ्या पद्धतीने त्याचं सोडवलं होतं. मागच्या खोलीत घालून बाहेरून माझं सगळ्यात दणकट कुलूप लावलं. ओरडला, दारावर डोकं आपटलं, हगला, ओकला, आणि शेवटी शांत झाला. बाहेर आला तेव्हा डोळे स्वच्छ होते. पुढे लगेच त्याला न्यूमोनिया झाला आणि हॉस्पिटलात ठेवावं लागलं, मग सूनबाई त्याला माहेरी घेऊन गेल्या, आणि तिथे पुन्हा सुरू. माझं कुलूप कुठे कमी पडलं नव्हतं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी आल्या आल्या सूनबाईंनी पर्समधून एक पुडकं काढून पेटीत ठेवलं. दार लोटलेलं होतं, फट होती. म्हणाल्या, "दोन दिवस तिथे बंद आहे. ह्या पुरवायच्या. पहिल्यांदाच विश्वासाने दिल्यात, लक्षात ठेव."

चिरंजीव म्हणाले, "किल्ली तुझ्याकडेच ठेव. मला देऊ नकोस, मी मागितली तरी."

बघा, घरपोच सोय!

संध्याकाळी दोघं खाली दुकानात होते. मी वर आले, पेटी उतरवली. ते कुलूप म्हणजे कुलपाच्या नावाला कलंक. किल्लीच्या भोकात ताणपट्टी लावली, आकडा आत सरकवला, आतल्या खुंट्या एकेक करून बसल्या आणि कडी सुटली. माझ्या दुकानातलं असतं तर मला घाम फुटला असता. आत गोळ्यांची पट्टी होती. आणि कापडात गुंडाळलेली एक कानस.

ह्यांची! तीन धारांची, मुठीवर दातांच्या खुणा असलेली. काम करताना हे ती दातांत धरायचे. मला वाटलं सगळ्या विकल्या, तर ही एक विकायची राहिलेली दिसते. वेळेला उपयोगी पडावी म्हणून लपवून ठेवली असणार. हातात घेतली तर सोडवेना. पण उचलली असती तर मी पेटी उघडल्याचं उघड झालं असतं, म्हणून पुन्हा कापडात गुंडाळून ठेवली.

गोळ्या मात्र संडासात टाकल्या आणि वर पाणी ओतलं. कुलूप लावलं. चष्मा लावून पाहिलं, कुठे ओरखडा नाही. हे असते तर "वा!" म्हणाले असते.

आता बोंब मारणार कुठे? माझा चोरीचा माल चोरीला गेला म्हणून?

७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी त्यांच्या खोलीत भांडण. भिंत पातळ आहे, कान लावावा लागला नाही.

"किल्ली माझ्या गळ्यात असते. मी आंघोळीला जाते तेव्हाच काढते. तेव्हा घेतलीस ना?"

"मी नाही घेतली गं."

"मग कुलूप आपोआप उघडलं? ओरखडासुद्धा नाही त्याला! कुणाला विकल्यास?"

"नाही विकल्या. शपथ."

"शपथ घेऊ नकोस. तुझ्या शपथा ऐकून मी म्हातारी झाले."

मला सुटल्यासारखं वाटलं. माझा प्रश्न तिच्या तोंडून विचारला जात होता. दुपारी सूनबाई कामावर गेल्या, त्याच्याशी एक शब्द न बोलता. हा खाली येऊन बसला. संध्याकाळपासून जांभया सुरू झाल्या.

८ सप्टेंबर, रविवार

उतरतंय. मला लक्षणं पाठ आहेत. नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटऱ्यांत गोळे, एका जागी पाय ठरत नाही. मी चादर घातली, साखर-मिठाचं पाणी पाजलं. मनात म्हटलं, सोस, बाळा, एवढं सोसलंस की सुटलास.

तो म्हणाला, "आई, मी नाही घेतल्या. ती मानत नाही. तू तरी मान."

मी म्हटलं, "खरं बोलतोस?"

"खरं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं झालं की तो बोलला आणि मला पक्कं ठाऊक होतं, हा खरं बोलतोय. आणि मला मान वर करता येईना. मी पाण्याचा पेला विसळायला उठले.

दुपारी तो भिंत धरून माझ्याकडे आला. म्हणाला, "मला कोंड. मागच्या खोलीत. बाहेरून कुलूप लाव. नाहीतर मी जाईन आज, मला माहितीय मी जाईन."

मी किल्ल्या घेतल्या. मला तर वाटलं, देवच पावला. तेवढ्यात सूनबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. मला आजवर उलटून बोलली नव्हती ती.

"कोंडायचं नाही, आई. मागच्या वेळी तुम्ही कोंडलंत, काय झालं माहितीये? न्यूमोनिया नव्हता तो. बाहेर आला आणि त्याच संध्याकाळी पहिल्याइतकीच घेतली. अंगाची सवय गेली होती, पहिल्याइतकी झेपली नाही. ओठ निळे पडले होते. श्वास थांबला होता ह्याचा. तुम्हाला सांगायचं नाही असं ह्यानेच सांगितलं. म्हणाला, आईला वाटतंय तिने मला बरं केलं, वाटू दे."

मी खाली बसले.

"आणि ह्या गोळ्या?" मी विचारलं.

"औषध आहे. पुलाखाली दवाखाना आहे, तिथे मिळतं. जिभेखाली ठेवलं की तलफ शांत होते, मग माणूस कामधंदा करू शकतो. तोंडात बघतात ते गोळी विरघळली का म्हणून, कुणी लपवून बाहेर विकू नये म्हणून. विकली की नाव काढून टाकतात. दोन महिने रांगेत उभा राहिलाय हा, आई. पहिल्यांदाच घरी द्यायला लागले होते."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगायला गेलो होतो. तुम्ही म्हणालात, व्यसनावर आणखी एक व्यसन, माझ्या घरात असली थेरं चालणार नाहीत."

म्हटलं होतं मी. शब्द न् शब्द.

तरीही मी सांगितलं नाही. हे लिहिताना माझीच किळस येते आहे. सूनबाई दिवसभर त्याच्याजवळ बसून राहिली, त्याचे पाय दाबत, त्याच्यावर एका अक्षराचाही विश्वास नसताना. आणि तो गेला नाही. दार उघडं होतं, तरी गेला नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

दोघं दवाखान्यात जाऊन आले. आजची गोळी दिली, तोंड तपासलं, लघवीही तपासली. तीत गर्द सापडली नाही. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग गोळ्या विकल्या असतील. दोन दिवसांचा माल, कुलूप शाबूत, किल्ली बायकोकडे. उद्या सगळे बसून ठरवतील, ह्याचं नाव ठेवायचं की काढायचं. बाहेर ताटकळणाऱ्यांची यादी मोठी आहे म्हणे.

चिरंजीव जिन्यात बसून राहिले. मला म्हणाले, "गंमत बघ आई, इतकी वर्षं खोटं बोललो तेव्हा कुणीतरी मानायचंच. तू तर नेहमी मानायचीस."

कुलपावर एक ओरखडा असता तर हा मुलगा सुटला असता. शिकाऊ हाताने उघडलं असतं तरी ओरखडा पडला असता. माझ्या हाताने नाही पडला.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज मी त्यांच्याबरोबर निघाले. सूनबाई म्हणाली, "तुम्ही कशाला?" मी पेटी काखेत मारली आणि म्हटलं, "चल."

दाराची पाटी आज वाचली. मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहे. टेम्पोच्या आडूनही वाचता आली असती, वाचायची असती तर.

आत टेबलामागे त्याच पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरीणबाई. मी उभ्यानेच सांगून टाकलं. "गोळ्या मी घेतल्या. संडासात टाकल्या. ह्याला माहीत नव्हतं, हिलाही नाही."

चिरंजीव माझ्याकडे बघत राहिले. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या, वाईट नाही, थकलेलं हसू. म्हणाल्या, "मावशी, बसा. ह्या खुर्चीवर बसून प्रत्येक आई हेच म्हणते. एका आईने तर गोळ्या मीच खाल्ल्या म्हणून सांगितलं होतं. ह्याच्यासाठी तुम्ही पूर्वी खोटं बोलला नाहीत का कधी?"

बोलले होते. त्याच्या आधीच्या कामावरच्या मालकांशी, शेजाऱ्यांशी, त्याच्या सासऱ्यांशी. आता खरं बोलायला गेले तर त्या खोट्याने वाट अडवली.

मी म्हटलं, "पेटीत एक कानस आहे. तीन धारांची. कापडात बांधलेली, मुठीवर दातांच्या खुणा."

सूनबाईचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला. "ही फक्त आम्हा दोघांना माहीत होती," ती हळूच म्हणाली. "भंगारवाल्याकडून ह्याने परत घेतलीय. सगळ्या मिळाल्या की एकदम तुम्हाला द्यायच्या होत्या."

मला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन दुभंगावी. विकायची राहिलेली, असं लिहिलंय मी चार पानं मागे.

"पण कुलूप उघडलंत कसं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी पिशवीतून ताणपट्टी आणि आकडा काढला. हात असा कापायला लागला की आकडा भोकातच जाईना. शुक्रवारी चुटकीसरशी उघडलेलं ते नालायक कुलूप आज जागचं हलेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राहू द्या, मावशी." त्या आवाजात दया होती, आणि दयेने माझ्या मुलाचं नाव यादीत राहणार नव्हतं.

तेव्हा चिरंजीव माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आई, डोळे मीट. बाबा काय सांगायचे? बोटांनी ऐक."

मी डोळे मिटले. पहिली खुंटी बसली, दुसरी बसली, एक घसरली, पुन्हा धरली. कडी उडाली तो आवाज सगळ्या खोलीने ऐकला.

डॉक्टरीणबाईंनी कानस उचलून पाहिली. मग कुलूप खटकन लावलं, ओढून पाहिलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "पुन्हा." मी पुन्हा उघडलं. त्या कुलपाला उजेडात धरून बघत राहिल्या. एकही ओरखडा नव्हता. म्हणाल्या, "नाव राहील. घरी न्यायच्या गोळ्या सध्या बंद, सुट्टीतही इथेच येऊन घ्यायच्या, आम्ही उघडू. आणि मावशी, तुम्ही काय टाकून दिलंत ते कळलंय ना तुम्हाला?"

"कळलंय," मी म्हटलं.

चिरंजीव हसायला लागले. आधी वाटलं हसताहेत, मग कळलं रडताहेत, मग उठून बाहेरच गेले. परतताना सूनबाई पुढे, तो मधे, मी मागे. घराशी आल्यावर तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "मी मानायला हवं होतं." तो म्हणाला, "मीही मानलं नसतं." माझ्याशी दोघंही बोलले नाहीत, आणि तेच बरोबर होतं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं म्हणजे, घर चालू आहे. कधी कधी मीही सकाळी पुलाखालच्या गल्लीत जाते, बाकावर बसते. इस्त्रीच्या शर्टवाला आता मला नमस्कार करतो. सलूनवाल्याने विचारलं, "काकू, सकाळी तिकडे कुठे?" म्हटलं, "दवाखान्यात. पाटी आहे, वाच जाऊन." त्याचा वस्तरा हवेत राहिला.

आणखी दोन कानशी मिळाल्या. माझ्या हातात दिल्या नाहीत, मी नसताना दुकानात ह्यांच्या खिळ्याला टांगल्या. मी त्याच वापरते.

पुन्हा सुट्टीच्या गोळ्या घरी द्यायला लागतील असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परवा सूनबाई दुकानात आली, गिऱ्हाईक उभं राहतं त्या बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, "एक कुलूप दाखवा. तुम्हाला उघडता येणार नाही असं."

मी अख्ख्या भिंतीवरून नजर फिरवली. खोटं बोलायचं नव्हतं. म्हटलं, "तसं नाही गं माझ्याकडे."

"मग जुनंच राहू दे," ती म्हणाली, आणि किंचित हसली असं मला वाटलं. खात्री नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

दोघं बाहेर गेलेत. त्यांच्या खोलीत झाडायला गेले. कपाटावर तीच पेटी, तेच पिवळं कुलूप. काल गोळ्या घरी आल्या.

फडकं मारायला हात वर केला तर झाकणापासून पेटीच्या कडेपर्यंत काहीतरी बारीक दिसलं. चष्मा लावला. दोरा होता. दोन्ही टोकांना साबणाचा ठिपका, आणि ठिपका बोटाने नव्हे, काडीच्या टोकाने लावलेला, हे लावायचे तसा. सूनबाईला हे येत नाही.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. मग हळूहळू बरं वाटायला लागलं. इतकी वर्षं मी त्याच्यासाठी दोरे लावले, आज त्याच्याजवळ जपून ठेवण्यासारखं काहीतरी आहे.

दोरा नीट होता. मी सगळं कपाट पुसलं आणि पेटीभोवतीची धूळ तेवढी तशीच ठेवली.